मिश्र रसाचा फ्लो ट्रान्समीटर: दिवे, एमए, पल्स आणि रजिस्टर (प्रकल्प नोंदी)

६ सप्टेंबर २०२३

काम ठरलं. आमच्या साखर कारखान्याच्या क्लॅरिफिकेशन विभागात, म्हणजे चुना घालून उसाचा रस स्वच्छ करतात तिथे, नवं पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) पॅनेल येतंय. मिश्र रसाच्या लाइनवरचा मॅग्नेटिक फ्लो मीटर आजवर फक्त स्वतःच्या डिस्प्लेवर आणि एका जुन्या रेकॉर्डरवर आकडा दाखवायचा. रेकॉर्डरचा पेन कधीच सुकलाय. आता मीटरचे सगळे आउटपुट पॅनेलमध्ये घ्यायचे, आणि त्या आकड्याच्या प्रमाणात चुन्याच्या दुधाचा पंप कमी-जास्त करायचा.

जागेवर जे आहे ते: १५० मिमीचा सेन्सर, आत रबराचं अस्तर, दोन्ही बाजूंना अर्थिंग रिंग. ट्रान्समीटर, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचा आकडा करणारा भाग, वेगळा, शेजारच्या खांबावर. सप्लाय २३० व्होल्ट, म्हणजे फोर-वायर: सप्लायच्या दोन तारा वेगळ्या, सिग्नलच्या दोन वेगळ्या. आउटपुट चार: ४–२० एमए (प्रवाह शून्य तर ४ मिलिअँपिअर करंट, पूर्ण तर २०), त्याच तारांवर हार्ट (मीटरशी बोलायची डिजिटल भाषा), पल्स (ठरावीक लिटरला एक ठोका) आणि आरएस-४८५ या जोडणीवर मॉडबस (पीएलसीने विचारायचं, मीटरने उत्तर द्यायचं अशी दुसरी डिजिटल भाषा).

कारखाना २५०० टनी, म्हणजे दिवसाला तेवढा ऊस गाळणारा. तासाला साधारण १०४ टन ऊस, आणि इंबिबिशनचं, म्हणजे गाळताना उसाच्या चोथ्यावर सोडलेलं, पाणी धरून मिश्र रसही वजनाने जवळपास तेवढाच. रसाची घनता १.०५ धरली तर ९९ घनमीटर प्रतितास. १५० मिमीच्या पाइपात हा वेग दीड मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास पडतो, मॅग मीटरला अगदी मानवणारा. म्हणून स्पॅन, म्हणजे ४ ते २० एमएत बसवायचा प्रवाहाचा पल्ला, ०–१६० घनमीटर ठेवतोय. यात आणखी एक सोय आहे. १६ एमएमध्ये १६० घनमीटर, म्हणजे एका एमएला दहा. मल्टिमीटरवर १३.९ दिसले की चार वजा करून दहाने गुणा: ९९. शिफ्टमधल्या कुणालाही तोंडी जमेल. १५० किंवा १७५ असा स्पॅन ठेवला की प्रत्येक वेळी मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढावा लागतो, आणि रसाने चिकट झालेल्या हातांनी कुणी तो काढत नाही.

११ सप्टेंबर

वायरिंगच्या आधी दिव्यांचा तक्ता करायला घेतला. हे उलटं वाटेल, पण मागच्या हंगामात काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत आहे. डिस्प्लेच्या कोपऱ्यात एखादं अक्षर यायचं, दिवा लुकलुकायचा, आणि लॉगबुकात नोंद पडायची: "मीटर बिघडला." काय बिघडलं, आकडा घ्यायचा की सोडायचा, कशाचाच पत्ता नाही.

अक्षरं मात्र मनाला येतील तशी नाहीत. जर्मनीत रासायनिक आणि प्रक्रिया उद्योगातल्या वापरकर्त्यांची नामूर नावाची संघटना आहे, १९४९ पासूनची. तिच्या एनई १०७ या शिफारशीत फील्डवरच्या यंत्राने आपली तब्येत चार गटांत सांगावी असं ठरलंय. बहुतेक चांगल्या कंपन्या ते पाळतात. आमच्या तक्त्यात मी ते असं लिहिलं:

एफ, लाल. बिघाड. आकडा वापरू नका.
सी, नारिंगी. मीटरवर कुणीतरी काम करतंय, म्हणून दिसतोय तो आकडा खरा प्रवाह नसेल.
एस, पिवळा. मीटर ठीक, पण परिस्थिती त्याच्या मर्यादेबाहेर. आकड्यावर शंका घ्या.
एम, निळा. आजचा आकडा बरोबर. दुरुस्ती लवकर लावा.

अडचण एवढीच की हे चार रंग पीएलसीच्या स्क्रीनवर दाखवता येतात, ट्रान्समीटरवरच्या दिव्याला ते जमत नाहीत. आमच्याकडच्या दिव्याला दोनच रंग आहेत. हिरवा स्थिर म्हणजे सगळं ठीक किंवा एम. हिरवा लुकलुकता म्हणजे सी किंवा एस. लाल म्हणजे एफ. म्हणजे नुसत्या दिव्यावरून एम कधीच कळणार नाही. डिस्प्लेवरचं अक्षरच वाचायला हवं. तक्त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आधी अक्षर, मग दिवा, मग आकडा.

टर्मिनलच्या झाकणाखाली आणखी तीन बारके दिवे आहेत. दोन मॉडबस कार्डवर, एक आरएक्स (संदेश आला) आणि एक टीएक्स (संदेश गेला). तिसरा पल्स आउटपुटचा. ते शिफ्टसाठी नाहीत, आपल्यासाठी आहेत. त्यांची नोंद वेळ येईल तशी.

१६ सप्टेंबर

केबल ओढून झाल्या. सिग्नलची केबल मोटरच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून न्यायची नाही एवढ्याच मुद्द्यावर अर्धा दिवस गेला. शेवटी वेगळा पाइप मिळाला.

२१ सप्टेंबर

गणपतीमुळे निम्मी माणसं गावाला. जी आहेत त्यांच्यावर ४–२० जोडायला घेतलं.

जोडल्यावर पॅनेलवर आकडा आला, पण भलताच. डिस्प्लेवर शून्य, म्हणजे ४ एमए यायला हवे होते. पीएलसीचं इनपुट कार्ड वेगळंच काहीतरी दाखवत होतं आणि हात लावला की हलत होतं. कारण नेहमीचंच. आपला ट्रान्समीटर फोर-वायर आहे, त्याचा करंट आउटपुट अ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे लूपला, म्हणजे करंटच्या त्या दोन तारांच्या फेऱ्याला, लागणारा व्होल्टेज तो स्वतः देतो. पॅनेलवाल्यांनी कार्डाचं चॅनेल टू-वायरसाठी लावलं होतं, म्हणजे कार्डही २४ व्होल्ट देत होतं. एकाच लूपवर दोन सप्लाय एकमेकांविरुद्ध. चॅनेल बदललं, कार्डाची २४ व्होल्टची तार सोडवली, पॅनेलवर ४.००.

यात दिव्यांचा मुद्दा असा की या सगळ्या वेळात ट्रान्समीटरचा दिवा शांतपणे हिरवा होता. त्याच्या दृष्टीने पाइप, कॉइल, इलेक्ट्रोड, सगळं ठीक. तारेच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते त्याला दिसत नाही. काही मॉडेल आपण सोडलेला करंट परत मोजून बघतात आणि फरक आला तर बोंब मारतात. आमचं त्यातलं नाही.

२७ सप्टेंबर

लूप तपासणी. ट्रान्समीटरच्या मेनूतून सिम्युलेशन (प्रवाहाशिवाय आपण ठरवलेला आकडा सोडणं) चालू करून ४, ८, १२, १६, २० एमए सोडले. पॅनेलवर ०, ४०, ८०, १२०, १६० घनमीटर. उतरतानाही तेच. डिस्प्लेवर सी, दिवा लुकलुकता हिरवा, जसं हवं तसं.

खरं महत्त्वाचं त्याच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे आहे. नामूरच्याच एनई ४३ प्रमाणे मोजमापाचा करंट ३.८ ते २०.५ एमएमध्ये राहतो. बिघाड सांगायचा असेल तर ट्रान्समीटर ३.६ किंवा त्याखाली जातो, नाहीतर २१ किंवा त्यावर. खाली की वर, हे आपण निवडायचं असतं.

मी खालची बाजू निवडली. चीफ केमिस्ट साहेबांनी कारण विचारलं. कारण चुना. समजा बिघाडात करंट २१ च्या वर गेला आणि पीएलसीने तो खरा प्रवाह मानला, तर पंपाला वाटेल रस १७० घनमीटरने धावतोय, आणि तो चुना ओतत सुटेल. पीएच चढला की रसाचा रंग बिघडतो, आणि तो रंग पुढे साखरेत उतरतो. करंट खाली गेला तर पंप कमीवर येईल. तेही वाईट, पण लगेच लक्षात येतं आणि सावरता येतं.

अर्थात पीएलसीने ३.६ ला नुसतं "०" समजणं हेही धोक्याचं. हिशेबाने ३.६ एमए म्हणजे उणे ४ घनमीटर. प्रोग्राममध्ये उणे आकडा कापून शून्य दाखवायची ओळ आधीच होती. म्हणजे मीटर मेला तरी स्क्रीनवर "प्रवाह शून्य" असंच येणार, आणि ऑपरेटर पंप बघायला धावणार. ती ओळ काढली. आता ३.६ किंवा खाली गेलं की आकड्याच्या जागी रेघा येतात, चौकट लाल होते आणि चुन्याचा पंप शेवटच्या चांगल्या वेगावर थांबून मॅन्युअलला जातो. सप्लायच गेला तर शून्य एमए. तेही याच जाळ्यात सापडतं.

संध्याकाळी सिम्युलेशन बंद केलं की नाही याची खात्री डिस्प्लेवरचा सी गेला यावरून केली. ही सवय सगळ्यांना लावायची आहे. सिम्युलेशन तसंच राहिलं तर आकडा एका जागी ठाम उभा राहतो, आणि ठाम आकडा सगळ्यांना आवडतो.

४ ऑक्टोबर

हार्ट कम्युनिकेटर लागेना. पॅनेलच्या टर्मिनलवर लावला, "डिव्हाइस सापडले नाही". ट्रान्समीटरपाशी नेला, तेच.

हार्टचा सिग्नल म्हणजे ४–२० च्या करंटवर चढवलेले दोन सूर: १२०० हर्ट्झ म्हणजे एक, २२०० हर्ट्झ म्हणजे शून्य, चढ-उतार अर्धा एमए इकडे, अर्धा तिकडे. त्याची सरासरी शून्य, म्हणून मूळ आकड्याला धक्का लागत नाही. पण कम्युनिकेटरला हे ऐकू यायचं तर लूपमध्ये पुरेसा रेझिस्टन्स हवा, साधारण २५० ओहम. तेवढ्यावरच तो करंटचा चढ-उतार व्होल्टेज म्हणून दिसतो. आमच्या कार्डाच्या इनपुटचा रेझिस्टन्स मोजला तर त्याच्या निम्माही नाही. २५० ओहमचा एक रेझिस्टर लूपमध्ये सीरिजमध्ये टाकला आणि त्याच्या दोन टोकांना कम्युनिकेटर लावला. लगेच नाव-गाव दाखवलं.

रेझिस्टर कायमचा बसवला, टर्मिनलवर "हार्ट इथे लावा" असं लेबल. हार्टमधून चार गोष्टी मिळतात: प्रवाह, एकूण बेरीज, आणि दोन आपण निवडू त्या. मी वाहकता आणि ट्रान्समीटरच्या आतलं तापमान निवडलं. हार्ट रोज बघण्यासाठी नाही. आमच्या पॅनेलला हार्ट कळतही नाही. मीटर एस दाखवू लागला की का ते विचारायला मात्र तो उपयोगी.

९ ऑक्टोबर

मॉडबस. आज झाकणाखालच्या दोन दिव्यांनी बराच वेळ वाचवला.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा आरएक्स आणि टीएक्स दोन्ही मेलेले. पीएलसी विचारतोय, ट्रान्समीटरपर्यंत काही पोचतच नाही. ए आणि बी तारा उलट्या होत्या. यात वायरमनला दोष देण्यात अर्थ नाही. कोणत्या तारेला ए म्हणायचं यावर कंपन्यांचंच एकमत नाही. तारा अदलाबदल केल्या, आरएक्स लुकलुकायला लागला, टीएक्स अजून गप्प. म्हणजे प्रश्न ऐकू येतोय, उत्तर देत नाही. असं झालं की तीनच गोष्टी बघायच्या: पत्ता, वेग, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट). आमच्याकडे पॅरिटी जुळत नव्हती. ट्रान्समीटर इव्हनवर, पीएलसी नो पॅरिटीवर. इव्हन केली, दोन्ही दिवे आळीपाळीने चमकू लागले. सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले.

दिवे चमकले म्हणजे आकडा बरोबर आला असं नाही. सिम्युलेशनने १०० घनमीटर दिले, पॅनेलवर ०. सिम्युलेशन काढलं, तर आकडा कधी काही अब्ज, कधी उणे, कधी शून्य.

एक फ्लोट, म्हणजे दशांशाचा, आकडा ३२ बिटांचा, मॉडबसचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, १६ बिटांचं, म्हणून तो दोन रजिस्टरांत विभागून येतो. कोणता अर्धा आधी, हे प्रत्येक कंपनी स्वतःच्या मनाने ठरवते. १०० हा आकडा हेक्समध्ये ४२सी८ आणि ०००० असा दोन तुकड्यांत पडतो. उलटा वाचला तर ०००० ४२सी८, जो इतका बारीक आकडा आहे की स्क्रीन त्याला शून्यच म्हणणार. खऱ्या प्रवाहात दुसरा तुकडा शून्य नसतो, म्हणून तो उलटा वाचला की आकाशातून आकडे पडतात. पीएलसीत शब्दांचा, म्हणजे या दोन तुकड्यांचा, क्रम बदलला, १००.० आले. यावरून एक ठरवलं: मॉडबस तपासताना नुसता गोल आकडा द्यायचा नाही, ८७.३ सारखा एखादा वेडावाकडा द्यायचा. गोल आकड्याचा शून्य बघून माणूस तार तपासायला जातो.

रजिस्टरच्या क्रमांकातही एकचा फरक होता. मॅन्युअल एकपासून मोजतं, पीएलसीचा प्रोग्राम शून्यापासून. हे प्रत्येक प्रकल्पात होतं, आणि प्रत्येक प्रकल्पात त्यावर थोडा वेळ जातोच.

मॉडबसवरून सगळ्यात मोलाचं काय येतं तर प्रवाह नव्हे, स्टेटसचं रजिस्टर. त्यातले बिट वेगळे काढून एफ, सी, एस, एम असे चार रंग स्क्रीनवर आणले. ट्रान्समीटरवरच्या दिव्याला जे दोन रंगांत सांगता येत नव्हतं ते आता कंट्रोल रूममध्ये चार रंगांत दिसेल. नियंत्रणासाठी मात्र ४–२० च ठेवलं. तार तुटली तर ते तत्काळ ओरडतं. मॉडबस थांबला तर शेवटचा आकडा स्क्रीनवर तसाच बसून राहू शकतो. म्हणून मॉडबसच्या आकड्याला एक घड्याळ लावलं: पाच सेकंद नवं उत्तर आलं नाही तर आकडा राखाडी.

१३ ऑक्टोबर

पल्स. कारखान्यात आधीपासूनची सेटिंग एक पल्स म्हणजे एक लिटर, पल्सची रुंदी १०० मिलिसेकंद. हे जमणारच नव्हतं. १६० घनमीटर प्रतितासाला सेकंदाला ४४ पल्स होतात. १०० मिलिसेकंद चालू आणि किमान तेवढाच वेळ बंद धरला तर सेकंदाला पाचच मावतात. बाकीचे ट्रान्समीटर मनात साठवतो आणि सावकाश सोडतो, किंवा एस देतो. एक पल्स दहा लिटर केला. पूर्ण स्पॅनला सेकंदाला ४.४, बसतात.

आउटपुट ओपन कलेक्टर, पॅसिव्ह, म्हणजे नुसता स्विच, स्वतः व्होल्टेज देत नाही. त्याला बाहेरून २४ व्होल्ट आणि पुल-अप रेझिस्टर द्यावा लागला. पल्सचा दिवा तालात लुकलुकतोय. पीएलसीतली बेरीज आणि ट्रान्समीटरची बेरीज उद्या सकाळपर्यंत जुळवून बघायची.

१४ ऑक्टोबर

जुळली.

२० ऑक्टोबर

पाणी सोडून ट्रायल. विहिरीचं पाणी, आकडा गुळगुळीत, हिरवा स्थिर. मग वरच्या मजल्यावर वेल्डिंग सुरू झालं आणि आकडा नाचू लागला. वेल्डिंगच्या अर्थची क्लिप पाइपच्याच सपोर्टला लावलेली. फॅराडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व इथे कामाला येतं: चुंबकीय क्षेत्रातून द्रव वाहिला की त्यात वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज निर्माण होतो. तो किती, तर काही मिलिव्होल्ट. त्याच पाइपातून वेल्डिंगचा करंट परत जाणार असेल तर मीटरने काय ऐकावं? वेल्डरला सांगून क्लिप कामाच्या जवळ लावून घेतली. "मामा, मीटरच्या पाइपला क्लिप लावायची नाय," एवढं सांगितल्यावर मामांनी विचारलं, "मग कुठल्या पाइपाला लावू?" प्रश्न रास्त होता. ऑफ-सीझनमध्ये कारखान्यातला प्रत्येक पाइप कुणाचा तरी असतो.

दुपारी लाइन एक्झॉस्ट कंडेन्सेटने, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याने, धुतली. आकडा थरथरू लागला, डिस्प्लेवर एस. हार्टवर वाहकता बघितली, तळाला. मॅग मीटरला साधारण ५ मायक्रोसीमेन्स प्रतिसेंटिमीटर तरी वाहकता लागते, आणि हे कंडेन्सेट जवळपास डिस्टिल्ड पाण्यासारखं. रसाची वाहकता हजारांमध्ये असते, तिथे हा प्रश्न येणार नाही. तक्त्यावर एक ओळ वाढवली: कंडेन्सेटने धुताना एस दिसला तर दुर्लक्ष करा.

२ नोव्हेंबर

काल गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे हंगामाचं गाळप सुरू झालं. पहिल्या दिवशी मिल थांबत-चालत असते, त्यामुळे रसाचा प्रवाह ३० ते ११० कसाही. टाकी रिकामी झाली की एम्प्टी पाइपचा संदेश येतो, एफ, लाल, पॅनेलवर रेघा. ऊस आला की दोन मिनिटांत हिरवा. सगळं ठरल्याप्रमाणे. ऑपरेटरनी तक्ता वाचला, कारण तो चहाच्या जागेशेजारी लावलाय.

रसाला फेस खूप. फेसातली हवाही मीटरला रसच वाटते, थोडं जास्त दाखवणार हे धरून चाललोय.

९ नोव्हेंबर

लॅबच्या मॅडमनी आज कागद समोर ठेवला. रसाचं वजन करणाऱ्या काट्यावर चोवीस तासांत २३९० टन. घनता १.०५ धरली तर २२७६ घनमीटर. ट्रान्समीटरची बेरीज २४१८. सहा टक्के जास्त.

फेसाने एखादा टक्का जास्त दाखवला तर समजू शकतो. सहा नाही.

काटा चुकला असेल असं म्हणणं सोपं होतं. पण काट्याचं वजन लावून तपासणं हंगामाच्या आधीच झालंय, आणि त्याचा मिश्र रस टक्के ऊस (शंभर टन उसाला किती टन रस) हा आकडा उसाच्या वजनाशी व्यवस्थित बसतो. आपला बसत नाही.

मीटर काय म्हणतोय? हिरवा स्थिर. एफ नाही, एस नाही, एमसुद्धा नाही. पल्सची बेरीज, ४–२० ची बेरीज, मॉडबस, सगळे एकमेकांशी जुळतात. म्हणजे चुकीचा आकडा चारही वाटांनी अगदी प्रामाणिकपणे पोचतोय. शिफ्टचे जुने ऑपरेटर म्हणाले, "साहेब, त्या मीटरला पहिल्यापासनं जरा जास्त दाखवायची खोडच हाय." पहिल्यापासून, म्हणजे पॅनेलचा संबंध नाही. हे ऐकून बरं वाटलं.

१० नोव्हेंबर

एक गोष्ट मला खटकत होती: रस सहा टक्के जास्त दाखवला तर चुनाही सहा टक्के जास्त पडायला हवा, आणि पीएच चढायला हवा. पीएच मात्र ७.० ते ७.२ मध्ये नीट आहे. ट्रेंड काढून बघितला. पंपाचा वेग रसाच्या प्रमाणात ठरतो आणि त्यावर पीएच कंट्रोलर थोडी दुरुस्ती करतो. ती दुरुस्ती शून्याच्या वर-खाली झुलायला हवी. ती मोळी पडली त्या दिवसापासून उणे पाच-सहावर बसून आहे. म्हणजे पीएच कंट्रोलर आमची चूक रोज गुपचूप निस्तरतोय. मीटरवर कुठलाही दिवा लागला नाही, पण ट्रेंडमध्ये चूक पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती.

मग मीटरची जागा नीट बघितली. पंप तळमजल्यावर, पाइप सरळ वर चढतो, प्लॅटफॉर्मवर आडवा होतो, तिथे मीटर, आणि त्यानंतर लगेच एल्बो घेऊन खाली उघड्या बफर टाकीत पडतो. म्हणजे मीटरच्या पुढे रसाला अडवणारं काहीच नाही. तो पाइप भरून वाहायची गरजच नाही, वरून थोडी जागा सोडून वाहिला तरी चालतं. एल्बोच्या अलीकडे पाइपच्या माथ्यावर गेजचं जुनं टॅपिंग आहे. त्याचा वाल्व्ह उघडला. रस उडायला हवा होता. आला नाही, कागदाची पट्टी धरली तर हवा उलट आत ओढली जात होती.

इलेक्ट्रोड असतात पाइपच्या दोन बाजूंना, मध्यावर. माथ्यावरचा भाग रिकामा असला तरी ते रसातच बुडालेले असतात, म्हणून एम्प्टी पाइपचा संदेश नाही, म्हणून हिरवा. काही सेन्सरमध्ये माथ्यावर एक तिसरा इलेक्ट्रोड यासाठीच दिलेला असतो, आमच्यात नाही. मीटर मोजतो वेग आणि गुणतो पूर्ण पाइपच्या क्षेत्रफळाने. ढोबळ हिशेब केला: १५० मिमीच्या पाइपात माथ्याला पंधरा-सोळा मिमीची फट राहिली तर क्षेत्रफळ पाच-सहा टक्के कमी होतं. मॅडमचा कागद आणि ही फट एकमेकांना ओळखतात.

१५ नोव्हेंबर

दिवाळी झाली, कारखाना चालूच. मीटर हलवायचा तर लाइन थांबवावी लागणार, म्हणजे कारखाना थांबवून होणाऱ्या जनरल क्लीनिंगपर्यंत थांबायचं. "तोवर सहा टक्के कमी करणारा फॅक्टर टाकून दे" असं वरून आलं. नाही टाकला. फट प्रवाहाप्रमाणे बदलते: मिल पूर्ण चालली की कमी, अर्धी चालली की जास्त. आज सहा टाकले तर उद्या कमी गाळपाला ते अपुरे पडतील, पूर्ण गाळपाला उलट चुकेल, आणि पुढच्या वर्षी कुणाला आठवणारही नाही की तो फॅक्टर कशासाठी होता. पीएचची दुरुस्ती चालू आहे, चुना बरोबर पडतोय, हिशेबाला काटा आहे. थांबता येतं.

मीटरची नवी जागा: पंपाकडून वर चढणारा उभा पाइप. खालून वर जाणाऱ्या पाइपात द्रव भरल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही, आणि हवाही वर निघून जाते. आधीच्या एल्बोपासून पाच व्यास सरळ लांबी, म्हणजे ७५० मिमी, आणि पुढे तीन व्यास. दोन्ही मिळतात. दोन फ्लँजचे तुकडे वर्कशॉपमध्ये आधीच बनवायला दिले, एक नव्या जागेसाठी, एक जुन्या जागेची भर घालायला. सेन्सर ते ट्रान्समीटर केबल पुरते, ट्रान्समीटर हलवायचा नाही.

२८ नोव्हेंबर

जनरल क्लीनिंग. इव्हॅपोरेटरवाले नळ्या घासत असताना आम्ही मीटर उतरवला. इलेक्ट्रोडवर पातळ थर होता, मऊ कापडाने आणि पाण्याने गेला. रबराचं अस्तर शाबूत. दोन्ही अर्थिंग रिंग नव्या गॅस्केटसह परत बसवल्या. उभ्या पाइपात बसवताना प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण वर आहे हे मी आणि फिटरने वेगवेगळं बघितलं. उलटा बसला असता तर मीटरने उणे प्रवाह दाखवला असता, आणि पॅनेलने मागे सांगितल्याप्रमाणे तो आता लपवला नसता.

संध्याकाळी पंप बंद ठेवून लाइन भरलेली असताना झीरो घेतला, म्हणजे मीटरला शून्य कुठे ते शिकवलं. लो फ्लो कट-ऑफ (याखालचा प्रवाह शून्य धरायचा) स्पॅनच्या एक टक्का.

३ डिसेंबर

काट्यावर २३६५ टन, म्हणजे २२५२ घनमीटर. मीटर २२६९. फरक पाऊण टक्का, तोही जास्तीच्याच बाजूला. फेस म्हणायला हरकत नाही. पीएचची दुरुस्ती शून्याच्या दोन्ही बाजूंना झुलू लागली.

तक्त्यावर हाताने एक ओळ वाढवली: "हिरवा दिवा मीटरचा आहे, पाइपचा नाही. बेरीज दररोज सकाळी काट्याशी जुळवा. फरक दोन टक्क्यांच्या वर गेला तर इन्स्ट्रुमेंट विभागाला फोन." सोबत पीएलसीत एक अलार्म टाकला: पीएचची दुरुस्ती आठ तास सतत एकाच बाजूला चार टक्क्यांच्या पलीकडे राहिली तर पिवळी चौकट. खरं तर कुठलाही दिवा देत नाही ती बातमी ही एक चौकट देईल.

८ डिसेंबर

पॅनेल उत्पादन विभागाच्या ताब्यात दिलं. सोबत मॉडबसच्या रजिस्टरांची यादी, शब्दांचा क्रम, पॅरिटी, पल्सची किंमत, बिघाडाचा करंट खालच्या बाजूला का, आणि दिव्यांचा तक्ता, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

चीफ इंजिनिअर साहेबांनी विचारलं, बॉयलरच्या कंडेन्सेट लाइनवरही असाच मीटर आणि असाच तक्ता लावता येईल का. तक्ता लावता येईल. मीटर नाही, तिथली वाहकता २० ऑक्टोबरलाच बघितली आहे. त्या लाइनला व्होर्टेक्स किंवा ऑरिफिस प्रकारचा मीटर लागेल. दोन्हींची कोटेशनं मागवली आहेत, आणि चौकशीच्या पत्रात पहिलाच प्रश्न घातलाय: बिघाड झाला तर करंट कुठे जातो, आणि दिव्याचे रंग किती.